वीतभर खाली

"अजून वीतभर खाली घ्या," बाबा म्हणाले.

शिडीवर उभ्या असलेल्या वेल्डरनं तोंडासमोरची काच बाजूला केली आणि खाली इंजिनिअरकडे पाहिलं. नगरपालिकेचे इंजिनिअर वाघमोडे तरुण होते, गावात नवे होते आणि सकाळपासून उन्हात उभे राहून वैतागलेले होते.

"सर, माझी खूण आतल्या कमानीपेक्षा हातभर खालीच आहे. एवढं पुरतं."

"तुम्ही मोकळा ट्रक धरलात. भरलेला पाहिलात का? पोती टपाच्या वर चढवतात. दोर ढिले पडतात, माल डोलतो. तुमचा हातभर त्या डोलण्यात जातो."

एवढं बोलून बाबांनी छत्री माझ्या हातात दिली आणि वेल्डरला खाली उतरवून स्वतः शिडी चढायला लागले. मी म्हणाले, "बाबा, राहू द्या." त्यांनी ऐकलं नाही. वर गेल्यावर वाघमोडेंनी खांबावर ओढलेल्या तांबड्या रेघेला अंगठा लावला, पंजा ताणला आणि जिथे करंगळी आली तिथे खडूनं दुसरी रेघ मारली.

"इथे."

वाघमोडेंनी दोन्ही रेघांकडे पाहिलं. मग वेल्डरला म्हणाले, "लाव. सरांचं माप आहे."

आमच्या अमीनपेठेत या वाक्यानंतर पुढे बोलणं नसायचं. बाबा, म्हणजे नरहर बोधनकर, हायस्कुलात चित्रकला शिकवत. पण गाव त्यांना ओळखायचं ते त्यांच्या टेपमुळे. दोन भावांत भिंतीवरून वाद झाला की तलाठ्याच्या आधी बाबांना बोलावणं यायचं. ते सुताराच्या चौकटीला सूत लावून बघायचे, मंडळाच्या गणपतीची बैठक तपासून द्यायचे. ते मोजायचे, आकडा सांगायचे आणि वाद तिथेच मिटायचा. त्यांचं माप चुकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. घरी आम्हीही नाही.

त्या दिवशी मोजणं चाललं होतं ते नौबत दरवाजासाठी. निजामशाहीच्या काळातला हा दरवाजा काळ्या दगडाचा आहे. दोन बाजूंना दोन बुरूज, वर नगारखाना, आणि बाहेरची कमान इतकी उंच की तिच्याखाली उभं राहून बोललं तर आवाज परत यायचा. पण आत शिरल्यावर रस्ता सरळ जात नाही. उजवीकडे वळतो आणि वळणाच्या पोटात दुसरी कमान येते, ती मुद्दाम ठेंगणी. माल भरलेले ट्रक फसायचे ते या दुसऱ्या कमानीत. दरवर्षी तिचा एखादा चिरा सैल व्हायचा. एका वर्षी तर कमळाचं फूल कोरलेला दगड फुटून रस्त्यात पडला. बाबांनी तो उचलून घरी आणून ठेवला आणि तेव्हापासून अर्ज करायला लागले. दरवाजाच्या बाहेर, रस्त्यावर, लोखंडी आडवा बार लावा म्हणजे उंच गाड्या आत येणारच नाहीत. अर्ज करता करता ते सेवानिवृत्त झाले, तीन नगराध्यक्ष बदलले. शेवटी त्यांचाच विद्यार्थी राजाभाऊ सोळुंके नगराध्यक्ष झाला आणि बार मंजूर झाला.

खलीलचाचा त्यांच्या दुकानातून हे सगळं पाहत होते. दरवाजाच्या वळणात पहारेकऱ्यांसाठी दगडी देवड्या आहेत. त्यांतल्या बाहेरच्या देवडीत चाचांच्या आजोबांपासून शिंप्याचं दुकान आहे. ते आणि बाबा एका वर्गातले.

"सर," चाचा मशीन थांबवून म्हणाले, "मी पोराची पँट शिवताना दोन बोटं कापड आत दुमडून ठेवतो. माणूस वाढतो."

"कापड माणसाचं असतं, खलील. हा बार ट्रकचा आहे. ट्रक वाढला तर त्यानं बाहेर राहावं."

"आणि घोड्यावरचा नवरदेव?"

"मोजलाय. फेट्यासकट जातो."

"उंच असला तर?"

"तर मान वाकवेल. पुढं त्याला उपयोगच पडेल ते."

वाघमोडेसुद्धा हसले. बाबांनी खरोखरच सगळं मोजलं होतं. शाळेची व्हॅन, गॅसचा टेम्पो, गवताची गाडी. ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात विटेवर उभं राहून तिथल्या ॲम्ब्युलन्सचं टपसुद्धा मोजलं होतं, आणि शिपायानं हटकलं तेव्हा त्यालाच टेपचं दुसरं टोक धरायला लावलं होतं.

संध्याकाळी बार लागला. राजाभाऊनं नारळ फोडला, बाबांना शाल दिली. मी नांदेडच्या कॉलेजात शिकवायचे. चार दिवसांची रजा काढून आले होते ती त्यांना तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांकडे न्यायला. जिना चढताना धाप लागते असं आई फोनवर सांगायची. चारही दिवस त्यांनी दरवाजापाशीच घालवले.

"आता तरी चला," दरवाजातून घरी परतताना मी म्हणाले. "उद्या सकाळच्या बसनं."

"पुढच्या महिन्यात. खालून काय काय जातं, ते थोडे दिवस बघायला पाहिजे."

"बाबा, दरवाजा चारशे वर्षं उभा आहे. एक दिवस तुमच्याशिवाय राहील."

ते ठेंगण्या कमानीखाली थांबले. लाकडी दाराला हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर बसवलेल्या लोखंडी खिळ्यांकडे छत्री वळवली. मी ओळखलं.

"हत्ती पळत येऊन धडक देऊ नये म्हणून रस्ता वळवला," मी म्हणाले. "वळला की त्याचा वेग मोडतो. मग खिळे. आणि कमान ठेंगणी केली, कारण आत येणाऱ्यानं निशाण खाली घेतलं पाहिजे. झालं?"

"झालं," ते म्हणाले. "पाठ झालं तुझं. समजलं की नाही ते माहीत नाही."

घरी जाऊन त्यांनी पिठलं-भाकरी खाल्ली. राजाभाऊनं दिलेली शाल फार झगझगीत आहे म्हणून आईला तिचा टेबलक्लॉथ करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप अर्धा ठेवून ते म्हणाले, छातीत काहीतरी दाबल्यासारखं वाटतंय. आणि भिंतीला टेकून खाली बसले.

रुग्णालय दरवाजाच्या बाहेर, हायवेवर. मी फोन केला. गाडी लगेच निघाली, हे मी नंतर कितीजणांना सांगितलं. कुणीही उशीर केला नाही. सायरन आम्हाला घरात ऐकू आला, जवळ आला आणि एका जागी थांबला. थांबूनच वाजत राहिला.

मग खलीलचाचा पळत आले. "वृंदा, गाडी आत येत नाही."

रुग्णालयाला नवी ॲम्ब्युलन्स मिळाली होती. आत माणूस उभा राहू शकेल अशी, उंच. त्याच आठवड्यात आली होती. जुनी गॅरेजात गेली होती. गावातून दुसरा रस्ता होता तो नदीवरच्या अरुंद फरशी पुलावरून, त्यावर ही गाडी वळलीच नसती. ड्रायव्हरनं बारखालून हळूहळू न्यायचा प्रयत्न केला. वरचा दिवा फुटला, टप अडकलं, त्यानं गाडी मागे घेतली आणि स्ट्रेचर घेऊन तो धावत निघाला.

तो बाजाराचा दिवस होता. ठेंगण्या कमानीपासून बाहेरच्या कमानीपर्यंत भाजीच्या पाट्या, कोंबड्यांचे खुराडे, माणसं. खलीलचाचा, ड्रायव्हर आणि शेजारची दोन माणसं स्ट्रेचर धरून, मी बाजूला बाबांचा हात धरून. "सरका, सरका." लोक सरकत होते, पण सरकायला जागा नव्हती. वळणावर स्ट्रेचर तिरकं करावं लागलं. हत्तीसाठी केलेलं ते वळण. बाबा डोळे उघडे ठेवून वर पाहत होते. आयुष्यभर त्यांनी त्या कमानी मान वर करून पाहिल्या होत्या, आज त्या त्यांच्या तोंडासमोरून सरकत होत्या.

आम्ही बाहेर आलो. बार डोक्यावर होता. त्याच्या पलीकडे ती पांढरी गाडी, टपावरचा दिवा फुटलेला. बाबांनी आधी बारकडे पाहिलं, मग गाडीच्या टपाकडे. मग माझ्याकडे पाहून त्यांनी मला काहीतरी विचारलं.

"बोलू नका, बाबा," मी म्हणाले.

गाडीत चढवलं तेव्हा त्यांच्या हाताची पकड होती. रुग्णालयाच्या फाटकात गाडी वळली तेव्हा नव्हती.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. माणसं येत होती एवढं आठवतं. सतरंजीवर बसायची, गुडघ्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, वेळ आली होती. कुणी म्हणायचं, किती भाग्यवान, शेवटचं काम पुरं करून गेले. कुणी डॉक्टरांबद्दल विचारायचं, कुणी ड्रायव्हरला शिव्या द्यायचं. बार हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. सगळे त्याखालूनच आले होते आणि त्याखालूनच परत जाणार होते.

मी पुस्तकांत वाढलेली बाई. दुःखावर जे जे लिहिलेलं असतं ते बरंचसं वाचलं होतं. राग येईल असंही त्यात होतं. पण राग कुणावर करायचा ते नव्हतं. ड्रायव्हरनं सगळं बरोबर केलं होतं. रुग्णालयानं चांगली गाडी आणली होती. वाघमोडेंनी तर खूण वरच केली होती.

एका दुपारी मी बाबांचा टेप घेतला, रुग्णालयात गेले आणि त्या गाडीचं टप मोजलं. तोच शिपाई होता. न विचारता त्यानं दुसरं टोक धरलं. तिथून बारपाशी आले. खांबावर, बारच्या वर, वाघमोडेंची तांबडी रेघ तशीच होती, नुसता एक रंगाचा हात तिच्यावरून गेला होता. खलीलचाचांकडून स्टूल घेतलं आणि तीही मोजली. बार त्या रेघेवर असता तर गाडी आत आली असती. दिव्यासकट. वर दोन बोटं जागा उरली असती.

चाचांनी खालून विचारलं, "किती?"

मी आकडा सांगितला. ते दुकानात गेले आणि उगीचच कात्रीला तेल घालत बसले.

मी नगरपालिकेत गेले. "वाघमोडे साहेब, बार वर घ्या. तुमच्या खुणेवर."

"मॅडम, ठरावात लिहिलंय, बोधनकर सरांच्या मापाप्रमाणे."

"मग नवा ठराव करा."

"मांडणार कोण?" त्यांनी आवाज खाली आणला. "त्यात लिहावं लागेल की आधीचं माप... मी बाहेरचा माणूस. या गावात मी ते लिहू? ज्यांनी मला त्या दिवशी चहा पाजला त्यांच्याबद्दल?"

मी नगराध्यक्षांकडे गेले. राजाभाऊनं उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, बाबांनी वहीत मारलेल्या लाल रेघांची आठवण काढली. बारचं नाव काढल्यावर त्यानं दोन्ही कानांना हात लावले.

"ताई, सरांची शेवटची खूण आहे ती. तिला हात लावला तर गाव मला जोड्यानं मारेल. पण तुम्ही काळजी करू नका. पुन्हा कुणाच्या घरी असं होणार नाही, याची व्यवस्था मी करतोय."

ती व्यवस्था पंधरवड्यात कळली. दरवाजाची आतली कमान आणि वळणाची भिंत पाडायची, दोन बुरूज शोभेला ठेवायचे आणि मधून सरळ रुंद रस्ता न्यायचा. मग बारची गरजच नाही. तो आपोआप निघेल. कमान नाही तर बार कशाला? शिवाय रस्त्याला नाव बाबांचं. दरवाजा कुठल्या सरकारी संरक्षित यादीत नव्हता, त्यामुळे नगरपालिका म्हणेल ते. राजाभाऊचं मंगल कार्यालय वेशीच्या आत होतं आणि वऱ्हाडाच्या बसगाड्या तिथे पोचत नव्हत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. पण तेही कुणी बोलत नव्हतं, कारण नव्या रस्त्याच्या फलकावर बाबांचा फोटो होता.

मी घरी चिडून आले. "आई, बार वीतभर वर घेणं म्हणजे सरांचा अपमान, आणि दरवाजा पाडणं म्हणजे सन्मान. हे कळतंय का तुला?"

आई तांदूळ निवडत होती. "कळतंय."

"मग सभेत मी सांगणार."

"काय सांगशील?"

मी बाबांचा टेप हातात घेतला.

"त्यांना सगळं आयुष्य एकच गोष्ट लोकांनी दिली," आई म्हणाली. "पगार बेताचा, बढती नाही. पण माप म्हटलं की सर. ते काढून घेऊ नकोस. दुसरं काहीही बोल."

मी दुसरं बरंच लिहून काढलं. निजामशाहीचा काळ, बांधणी, चुन्याचा दर्जा, अशी वळणाची वेस आसपास दुसरी नाही, वगैरे. चांगलं लिहिलं होतं.

हरकतींची सभा नगरपालिकेच्या सभागृहात दुपारी होती. लोक खिडक्यांपर्यंत भरले होते. समोरच्या भिंतीवर बाबांचा हार घातलेला फोटो. मी आणि आई पहिल्या रांगेत. तिथे बसवलंच आम्हाला.

राजाभाऊ चांगलं बोलला. तो वाईट माणूस नव्हता, बोलताना त्याचा गळा खरंच भरून आला. "सरांनी या दरवाजासाठी जन्म काढला. आणि वेळ आली तेव्हा याच दरवाजानं सरांचा रस्ता अडवला. आज सर असते तर म्हणाले असते, राजा, दगडापेक्षा माणूस मोठा."

टाळ्या झाल्या. मी माझे कागद काढले आणि वाचले. लोकांनी शांतपणे ऐकलं. कमळं, देवड्या, खिळे. वाचून झाल्यावर मागून एकजण नम्रपणे म्हणाला, "ताई, हे सगळं सरांनी आम्हाला शाळेत सांगितलंय. पण गाडी आली नाही त्याचं काय?"

कागदांची घडी घालत मी खाली बसले.

तेव्हा खलीलचाचा उठले. "गाडी दरवाजानं अडवली नाही," ते म्हणाले. "गाडी दरवाजापर्यंत पोचलीच नाही. स्ट्रेचर मी धरलं होतं, ते दरवाजातून बाहेर आलं. गाडी बारपाशी अडली. दरवाजाला कशाला फाशी देता?"

सभागृहात कुजबुज सुरू झाली. राजाभाऊनं हात वर केला.

"खलीलभाई, बार सरांच्या मापाचा आहे." त्याचा आवाज मऊ होता. "म्हणजे सरांचं माप चुकलं, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

कुजबुज थांबली. चाचांनी फोटोकडे पाहिलं, मग आईकडे. ओठ हलले. बाबांबरोबर साठ वर्षं काढलेला माणूस. आकडा त्यांना पाठ होता, स्टूल त्यांचंच होतं.

"नाही," ते म्हणाले. "तसं नाही म्हणायचं मला." आणि बसले.

खिडकीपाशी वाघमोडे उभे होते. ते बुटांकडे पाहत होते.

"तर मग," राजाभाऊ म्हणाला, "आणखी कुणाची हरकत नसेल तर..."

मी उठायला लागले. आईनं माझ्या मनगटावर हात ठेवला. दाबला नाही, ओढलं नाही, नुसता ठेवला. मी पूर्ण उभी राहिले तेव्हा तो आपोआप सुटला. कागद मी खुर्चीवरच ठेवले.

"माझी हरकत आहे."

"ताई, तुमची झाली ना नोंदवून?"

"ती दरवाजाबद्दल होती. ही बारबद्दल आहे."

मला माझाच आवाज त्या सभागृहात परका वाटला, वर्गात असतो तसा नव्हता तो.

"बार लागला त्या दिवशी मी तिथे होते. खांबावर एक तांबडी रेघ आहे, रंगाखालून अजून दिसते. ती वाघमोडे साहेबांची खूण. माझ्या वडिलांनी शिडी चढून बार तिच्याखाली वीतभर घेतला. त्यांना त्या कमानीची काळजी होती. मी रुग्णालयातली नवी गाडी मोजली आहे, रेघही मोजली आहे, त्यांच्याच टेपनं. बार रेघेवर असता तर गाडी आमच्या दारापर्यंत आली असती. तरीही ते वाचले असते का, ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही. पण गाडी आली असती."

राजाभाऊ म्हणाला, "ताई, तुम्ही दुःखात आहात, आज नको..."

"राजाभाऊ, बसा."

तो बसला.

"त्यांना बाहेर आणलं तेव्हा ते शुद्धीवर होते. त्यांनी बार पाहिला, गाडीचं टप पाहिलं. मोजायला त्यांना टेप लागायचा नाही. मग त्यांनी मला विचारलं, माझं माप चुकलं का गं?"

मागे खुर्चीचा आवाज झाला. आईकडे मी पाहिलं नाही. फोटोकडे पाहिलं.

"मी म्हणाले, बोलू नका. उत्तर द्यायचं राहिलं. म्हणून आज देते, इथे, सगळ्यांसमोर, कारण ते दिलं नाही तर तुम्ही त्यांच्या नावानं त्यांचाच दरवाजा पाडाल. बार वर घ्या, त्या तांबड्या रेघेवर. बाकी कशाला हात लावू नका."

मी पुन्हा फोटोकडे वळले.

"हो, बाबा. चुकलं. वीतभर चुकलं."